वारसा पिस्तुलाचा

वडिलांच्या निधनानंतर त्यांचे लोखंडी कपाट उघडले, तेव्हा दागिने फारसे निघाले नाहीत; निघाले ते आजोबांचे पिस्तूल. घरात सारे त्याला पिस्तूलच म्हणत. खरे तर ते पाच घरांचे, मधे मोडून उघडणारे रिव्हॉल्व्हर. आजोबा संस्थानी नोकरीत असताना त्यांनी ते घेतले होते. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागे. वस्तू पूज्य असली की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नाही, तसेच याचेही झाले होते.

पहिला प्रश्न कायद्याचा. ‘एवढ्या जुन्या वस्तूला परवाना कशाला?’ असे चार जणांनी मला सांगितले. ही समजूत चुकीची आणि महागात पडणारी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला. आमचे तर बिनदुरुस्तीचे चालत होते! परवाना वडिलांच्या नावाचा. तो त्यांच्याबरोबर संपला. अशा वेळी शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्कानेही दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. मी जमा केले, खेटे घातले, परवाना मिळाला.

त्यानंतर खरा धोका समोर आला. परवान्यावर बोर लिहिला होता .32. दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने .32 ची म्हणून एक पेटी पुढे केली. पुतण्या बरोबर होता. म्हणाला, ‘‘काका, बत्तीस म्हणजे बत्तीसच ना?’’ मलाही तसेच वाटले. तिथेच एक वयस्क मिस्त्री बंदूक दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी आमचे रिव्हॉल्व्हर हातात घेतले आणि त्या पेटीतले एक काडतूस घरात सोडून दाखवले. ते अलगद बसले. मग ते काढून घेत म्हणाले, ‘‘साहेब, बसलं म्हणजे चालतं असं नाही.’’

‘बत्तीस’ या एका नावाखाली निदान तीन वेगळी काडतुसे आहेत. 1878 चे आखूड ‘स्मिथ अँड वेसन’, 1896 चे त्याचेच लांब भावंड आणि 1899 चे ब्राउनिंगचे, ज्याला आपण 7.65 म्हणतो. पहिले काळ्या दारूच्या जमान्यातले, बेताच्या दाबाचे. तिसरे स्वयंचलित पिस्तुलासाठी केलेले, अधिक दाबाचे. माझ्या पुढ्यात आलेली पेटी या तिसऱ्याची होती. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचे सांधे आधीच सैल झालेले. त्यात हे काडतूस उडवले असते, तर फुटला असता तो धरणाऱ्याचा हात.

म्हणून माझे म्हणणे असे की, परवान्यावर नुसता बोर न लिहिता काडतुसाचे पूर्ण नाव लिहावे. त्याला शाईचे दोन थेंब अधिक लागतील. आणि ते होईपर्यंत वारसांनी स्वतः चौकशी करावी. जाणत्या कारागिराकडून घरांचे माप घ्यावे, नळी आणि सांधे तपासून घ्यावेत. कपाटात सापडलेली जुनी काडतुसे मोहात पडून वापरू नयेत. बार दबका वाजला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार त्यावर आदळतो. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर निदान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेलाच धरावी, कारण काडतूस उशिराही पेटते.

बाकीचे नियम साधे आहेत, आणि म्हणूनच मोडले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे. नळी माणसाकडे वळवू नये, बोट चापावर ठेवू नये. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा भरल्या घरावर टेकलेला असेल, तर ते नुसते हातातून पडले तरी उडू शकते. शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या. आणि सणासुदीला हवेत बार काढण्याची हौस तर सोडूनच द्यावी. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात उतरते. 2019 पासून अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मिस्त्रींनी सांगितले, योग्य काडतूस मिळाले तरी या वयात त्याला त्रास देऊ नका. मी ते ऐकले. पुतण्या नाराज झाला. ‘‘मग ठेवायचं कशाला?’’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे. आता ते कायमचे निकामी करून घेण्याची परवानगी मागावी, असे माझ्या मनात आहे. आजोबांची आठवण जपायला ते उडालेच पाहिजे, असे थोडेच आहे?

गेल्या खंडेनवमीला ते पाटावर ठेवले, ते उघडून, पाचही घरे रिकामी दिसतील असे. हळदकुंकू वाहण्याआधी पुतण्याने ती एकेक करून मोजली. वारसा त्याच्याकडे जायचा, तर तो एवढा तरी जावा.