अकरावीचा प्रवेश : निवड कोणाची?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लाखो घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाने वा मुलीने कोणत्या महाविद्यालयात जावे? शेजारी सल्ला देतात, नातेवाईक आपापल्या मुलांचे दाखले देतात, गेल्या वर्षी कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर बंद झाली याचे आकडे तोंडपाठ केले जातात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातील ही पहिली मोठी निवड असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु जिला निवड म्हटले जाते ती खरोखर निवड आहे काय, आणि असल्यास ती करतो कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी तरी तो विचारलाच पाहिजे.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती संपूर्ण राज्याला लागू केली. त्यापूर्वी ती मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. विद्यार्थ्याने किमान एक आणि कमाल दहा महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहावीत आणि गुणानुक्रमे संगणकाने जागा द्यावी, असा हा व्यवहार आहे. वशिला, देणगी आणि कचेरीतील हेलपाटे यांना त्यामुळे काही आळा बसतो, हे मान्य केले पाहिजे. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले हा तांत्रिक दोष झाला; तो दुरुस्त होऊ शकतो. खरे दुखणे वेगळे आहे आणि या राज्यव्यापी पद्धतीमुळेच ते प्रथम आकड्यांत स्पष्ट दिसले.

त्या वर्षी राज्यात नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालये आणि वीस लाखांहून अधिक जागा होत्या. अर्जदारांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. म्हणजे लक्षावधी जागा रिकाम्या राहणार हे आरंभीच ठरलेले होते. तरीही नामांकित महाविद्यालयांच्या दाराशी नव्वद-पंच्याण्णव टक्के मिळवलेली मुले ताटकळत होती. ज्या परीक्षेत ९४.१० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण होतात आणि २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळतात, त्या परीक्षेचे गुण माणसामाणसांत भेद करण्यास फारसे समर्थ उरत नाहीत. अर्ध्या-पाव टक्क्यावर भवितव्य ठरू लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे टंचाई जागांची नाही. जागांचा महापूर आणि विश्वासार्ह शिक्षणाचा दुष्काळ, असे हे चित्र आहे.

दुष्काळावर उपाय करण्याऐवजी गेली दोन दशके महाराष्ट्राने आपली बुद्धी रांग लावण्याच्या रीतीवर खर्च केली. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करावी यासाठी २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आले आणि न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागांचा निर्णय झाला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये सर्वोत्तम पाच विषयांचे सूत्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकले. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, अकरावीसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा घेण्याचा घाट घातला गेला आणि उच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. या प्रत्येक वादात प्रश्न एकच होता : रांगेत पुढे कोणी उभे राहावे? रांग का लागते, हा प्रश्न ना मंत्रालयाने विचारला, ना पालकांच्या संघटनांनी.

रांग ज्यांच्यापुढे लागते त्या महाविद्यालयांची कीर्ती कशावर उभी आहे हेही तपासण्याजोगे आहे. पंच्याण्णव टक्क्यांची मुले आत घ्यायची आणि दोन वर्षांनी पंच्याण्णव टक्क्यांची मुले बाहेर काढायची, यात संस्थेचे कर्तृत्व किती आणि मुलाच्या घरातील अनुकूलतेचे किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तालुक्याच्या गावातील एखादे महाविद्यालय पंचावन्न टक्क्यांची मुले घेते आणि त्यांतील निम्म्यांना सत्तरपर्यंत नेते. शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम त्याचेच आहे. परंतु वर्तमानपत्रांतील जाहिरातींत आणि पालकांच्या बोलण्यात त्याचे नावही येत नाही. विद्यार्थी महाविद्यालय निवडतो हा भ्रम आहे. महाविद्यालये विद्यार्थी निवडतात, आणि निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या बळावर पुढील वर्षी पुन्हा निवड करण्याचा अधिकार मिळवतात.

शिवाय ही रांगही सर्वांसाठी सारखी नाही. व्यवस्थापनासाठी पाच टक्के, संस्थांतर्गत विद्यार्थ्यांसाठी दहा टक्के, अल्पसंख्याक संस्थांत त्या त्या समाजासाठी पन्नास टक्के, अशा जागा वेगळ्या निघतात. अल्पसंख्याकांच्या हक्काला घटनेचा आधार आहे आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. पण व्यवस्थापनाच्या कोट्याला कोणत्या सामाजिक न्यायाचा आधार आहे? अर्जाची बाबही तशीच. शिकलेल्या आईबापांचे मूल मागील वर्षांच्या याद्या अभ्यासून दहा नावे विचारपूर्वक लिहिते. शेतमजुराच्या मुलीचा पसंतिक्रम बहुधा नेट कॅफे चालवणारा तरुण घाईगर्दीत भरून देतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होण्याचा नियम आहे. माहिती ज्याच्याजवळ नाही त्याच्यावर हा नियम दंडासारखा कोसळतो.

हे असे होणार होते काय? कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा जो आराखडा मांडला, त्यात श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या मुलांनी परिसरातील एकाच शाळेत शिकावे ही कल्पना मध्यवर्ती होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंचा त्रिकोण भारतीय शिक्षणाला जुळवता आला नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९७५ मध्ये आपल्या ग्रंथात मांडला. त्याच सुमारास महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध अमलात आला आणि कनिष्ठ महाविद्यालये निघाली : काही माध्यमिक शाळांना जोडलेली, काही पदवी महाविद्यालयांना. त्यानंतरच्या अर्धशतकात संख्या वाढली. उरलेल्या दोन बाजू मात्र एकमेकींपासून अधिकच दूर गेल्या; विनाअनुदानित आणि पुढे स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांनी तर त्यांच्यामध्ये शुल्काची भिंत उभी केली.

त्यात आता खाजगी शिकवणीच्या भांडवलाची भर पडली आहे. वैद्यकीय प्रवेश नीट या एकाच परीक्षेवर ठरतात. अभियांत्रिकीसाठी जेईई आणि राज्याची सीईटी आहे. बारावीचे गुण बहुतांशी पात्रतेपुरते उरले. परिणाम तर्कशुद्ध आहे : ज्या परीक्षेला किंमत नाही तिची तयारी करून देणाऱ्या वर्गालाही किंमत राहिली नाही. विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि शरीर शिकवणीच्या वर्गात, या सोयीला ‘इंटिग्रेटेड’ असे गोंडस नाव मिळाले. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. धंदा थांबला नाही, कारण मागणी निर्माण करणारी यंत्रणा तशीच आहे. ज्या लातूरचे नाव आज शिकवण्यांसाठी सर्वतोमुखी आहे, तेथील यशाचा पाया आरंभी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी जादा तास घेऊन घातला होता, याची आठवण येथे ठेवावी. सार्वजनिक पैशाने पगार घेणारा शिक्षक सार्वजनिक वर्गात उत्तम शिकवू शकतो, हे या राज्याने एकदा पाहिलेले आहे.

शिकवणीचे शुल्क ज्याला परवडते तो आपला मुलगा पटावर कोठेही ठेवू शकतो. ज्याला परवडत नाही त्याला मात्र महाविद्यालयातील तासाखेरीज दुसरा आधार नाही, आणि तोच तास ओस पडला आहे. वर्ग रिकामा होतो तेव्हा नुकसान गेलेल्यांचे होत नाही, मागे राहिलेल्यांचे होते. हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत क्रूर भाग आहे.

खेड्यांत तर निवडीचा शब्दही उपहासाचा वाटावा. शासकीय व अनुदानित संस्थांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे; ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. या सवलती चळवळींनी मिळवलेल्या आहेत आणि त्या अमोल आहेत. पण पास असून गाडी वेळेवर नसेल, विज्ञान शाखा पंचवीस किलोमीटरवर असेल, संध्याकाळची गाडी चुकली की मुलगी अंधारात फाट्यावर उभी राहणार असेल, तर घरचे वडीलधारे काय निर्णय घेतील हे सांगायला नको. ती कला शाखा निवडते, कारण जवळ तीच आहे. पुष्कळदा ती काहीच निवडत नाही आणि तिचे लग्न ठरते. मुलगा असेल तर तो कामाला लागतो. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयापुरते, आठवीपर्यंतच आहे. जेथे वाट फुटते तेथेच हक्क संपतो.

सोळाव्या वर्षी शिकत राहण्याची खरी किंमत शुल्कात नसून बुडालेल्या मजुरीत असते. इंग्लंडमध्ये या वयाच्या मुलांसाठी ‘सिक्स्थ फॉर्म’ महाविद्यालये आहेत. मजूर पक्षाच्या सरकारने २००४ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतील अशा विद्यार्थ्यांना आठवड्याला तीस पौंडांपर्यंत निर्वाह भत्ता देण्यास देशभर आरंभ केला. नियमित हजेरी ही त्याची अट होती. प्रायोगिक टप्प्यातच शिक्षणात टिकून राहणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढल्याचे दिसले होते. २०१० मध्ये सत्तांतर झाले आणि काटकसरीच्या नावाखाली इंग्लंडमध्ये तो बंद करण्यात आला; स्कॉटलंड व वेल्सने मात्र चालू ठेवला. श्रीमंत देशालाही जी गोष्ट कळली, ती महाराष्ट्राने समजून घ्यावी : गरिबाच्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य द्यायचे तर आधी त्याच्या घरची चूल दोन वर्षे त्याच्या मजुरीवाचून पेटली पाहिजे.

शाखानिवडीचीही अशीच दैना आहे. दहावीनंतर निम्मे विद्यार्थी १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, अशी कोठारी आयोगाची अपेक्षा होती. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ती १९९५ पर्यंत पंचवीस टक्के अशी खाली आणली. तीही पुरी झाली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन, द्विलक्षी अभ्यासक्रम हे मार्ग आहेत, पण ते ‘मार्क कमी पडले म्हणून’ घ्यायचे मार्ग असे समाजाने ठरवून टाकले आहे. हाताने काम करणाऱ्याला कमी लेखणारी जातिव्यवस्था येथे शाखांच्या नावाने पुन्हा अवतरते. विज्ञान वर, वाणिज्य मध्ये, कला आणि कसब तळाशी, ही उतरंड मोडल्याखेरीज मुलाचा कल पाहण्याची भाषा पोकळ आहे.

तेव्हा मागणी काय असावी? प्रत्येक तालुक्यात तिन्ही शाखांचे, सर्व मंजूर पदे भरलेले, प्रयोगशाळा चालू असलेले एक तरी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालय. शिक्षण हक्काची मर्यादा बारावीपर्यंत. व्यवस्थापन कोट्याचा अंत. बारावीच्या गुणांना व्यावसायिक प्रवेशात निश्चित भार. आणि गरीब घरांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हजेरीशी निगडित निर्वाह भत्ता. पैसा कोठून आणणार, असे विचारले जाईल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारसही कोठारी आयोगाचीच आहे. प्रत्येक धोरणात तिचा पुनरुच्चार झाला आणि कोणत्याच अंदाजपत्रकात ती उतरली नाही.

ही लढाई दीर्घ आहे. पण प्रवेशाचा हंगाम दर वर्षी येतो आणि कार्यकर्त्यांना त्या काळात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. आपापल्या गावात अर्ज भरण्याचे मदत केंद्र चालवावे. पालकांबरोबर महाविद्यालयात जाऊन चार साधे प्रश्न विचारावेत : शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, प्रात्यक्षिके प्रत्यक्ष होतात काय, एकूण शुल्क लेखी मिळेल काय, आणि परतीच्या गाडीच्या वेळेशी तासांचा मेळ आहे काय. उत्तरे नोंदवून गावाच्या फलकावर लावावीत. जवळचे महाविद्यालय वाईट असेल तर मुलाला दूर पाठवण्याची खटपट एका घराला पुरते. ते महाविद्यालय सुधारण्याची खटपट साऱ्या गावाला पुरते. पहिली वाट ज्याच्याजवळ साधने आहेत त्याची आहे. दुसरी संघटनेची आहे, आणि गावाला संघटनेची गरज आहे ती या दुसऱ्या वाटेसाठीच.