नभोवाणी केंद्राचे धनी कोण?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील टकोमा शहरात पॅसिफिक ल्यूथरन विद्यापीठाने १९६६ साली एक नभोवाणी केंद्र सुरू केले. केपीएलयू हे त्याचे नाव. जाझ संगीत आणि वार्ता यांसाठी ते नावारूपाला आले आणि टकोमाप्रमाणेच शेजारच्या सिअ‍ॅटल शहरातही घरोघर ऐकले जाऊ लागले. परवाना विद्यापीठाच्या नावावर असला तरी खर्चाचा मोठा वाटा श्रोतेच आपल्या वर्गणीतून उचलीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये या श्रोत्यांच्या कानी अकस्मात बातमी आली की, विद्यापीठ हे केंद्र सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला विकत आहे. किंमत ८० लाख डॉलर. त्यांपैकी ७० लाख रोख आणि उरलेले प्रायोजकत्वाच्या घोषणांच्या रूपाने. घोषणा झाली तेव्हा बोलणी पुरी झालेली होती.

खरेदीदार कोणी नफेखोर नव्हता. तेही विद्यापीठच, तेही सार्वजनिक. परंतु त्याच्या छत्राखाली केयूओडब्ल्यू हे वार्ताप्रधान केंद्र आधीपासूनच होते. साहजिकच केपीएलयूचा वार्ताविभाग नव्या घरात अनावश्यक ठरणार होता आणि केंद्राला निव्वळ जाझचे रूप देण्याचा बेत होता. एका शहरात दोन वार्ताहर एकाच सभेला कशाला पाठवायचे, हा हिशेब वरवर पाहता बिनतोड आहे. मात्र त्या दोघांपैकी एकाने न विचारलेला प्रश्न दुसरा विचारतो, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत कोठेही नोंदली जात नाही.

श्रोत्यांनी निषेधाचे खलिते पाठवून स्वस्थ बसण्याचे नाकारले. विरोध इतका वाढला की दोन्ही विद्यापीठांना एक पाऊल मागे घ्यावे लागले. श्रोत्यांच्या वतीने उभ्या राहिलेल्या संस्थेने ३० जून २०१६ पर्यंत ७० लाख डॉलर जमवले तर केंद्र तिला द्यावे, असे ठरले. पाच-सहा महिन्यांत एवढी रक्कम उभी राहील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. प्रत्यक्षात हजारो लहानमोठ्या देणग्यांतून ती मुदतीच्या महिनाभर आधीच, मे महिन्यात, पुरी झाली. ऑगस्टअखेर केंद्राची मालकी या नव्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे गेली आणि केंद्राने केएनकेएक्स हे नवे नाव धारण केले. वार्ताविभाग वाचला.

ही कथा लोकशक्तीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ते वावगेही नाही. परंतु तिच्यातील एक विसंगती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी देऊन हे केंद्र वाढवले, त्यांनाच ते पुन्हा विकत घ्यावे लागले. केंद्राला बाजारात जी किंमत आली, ती काही केवळ मनोऱ्याची आणि यंत्रसामग्रीची नव्हती. श्रोत्यांचा जो समुदाय त्या केंद्राभोवती जमला होता त्याचीही ती किंमत होती. म्हणजे श्रोत्यांनी स्वतःच्या निष्ठेचे मोल स्वतःच चुकते केले! विद्यापीठाची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. विश्वस्तांचे पहिले कर्तव्य विद्यार्थ्यांशी असते, आणि पडून राहिलेल्या मालमत्तेचे शिक्षणासाठी पैशात रूपांतर करणे हे गैर कसे म्हणावे? प्रश्न एवढाच की, ही मालमत्ता पडून राहिलेली नव्हती आणि केवळ विद्यापीठाची होती असेही म्हणता येत नव्हते.

कायदा या बाबतीत श्रोत्यांच्या मदतीला येत नाही. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा बिनव्यापारी केंद्रांसाठी राखीव आहे आणि परवाना एकाकडून दुसऱ्याकडे जाताना संघीय दळणवळण आयोगाची संमती लागते. इथवर ठीक. परंतु त्याच कायद्याच्या ३१० व्या कलमानुसार, प्रस्तावित खरेदीदाराहून दुसरा कोणी अधिक लोकहिताचा ठरेल काय, याचा विचार करण्यास आयोगाला स्पष्ट मनाई आहे. समोर ठेवलेला अर्जदार पात्र आहे की नाही, एवढेच त्याने पाहायचे. मालकांनी कोणाचे नाव पुढे करायचे हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर. लोकहिताचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या पहारेकऱ्याने एकाच दाराकडे पाहावे, शेजारच्या दाराकडे मान वळवू नये, असा हा प्रकार आहे.

त्याचा परिणाम काय होतो हे मिनेसोटा राज्यात दिसले. नॉर्थफील्ड येथील सेंट ओलाफ महाविद्यालयाचे डब्ल्यूसीएएल हे केंद्र श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या अमेरिकेतील अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक. त्याचा परवाना १९२२ सालचा. महाविद्यालयाने २००४ मध्ये ते सुमारे एक कोटी पाच लाख डॉलरना मिनेसोटा पब्लिक रेडिओला विकले. हीसुद्धा नफा न कमावणारी संस्थाच. जानेवारी २००५ मध्ये त्या लहरींवर नव्या पिढीचे लोकप्रिय संगीत वाजू लागले आणि अभिजात संगीताचे जुने श्रोते बाहेर पडले. ते न्यायालयात गेले. हे केंद्र म्हणजे धर्मादाय न्यास होता आणि विक्रीपूर्वी न्यायालयाची अनुमती घ्यायला हवी होती, असे मत न्यायाधीशांनी २००८ मध्ये नोंदवले. विक्री मात्र रद्द झाली नाही. नवे केंद्र वाईट निघाले असे कोणी म्हणू नये, त्यालाही आपले निष्ठावंत श्रोते लाभले. पण जुन्यांना कोणी विचारले नव्हते, ते नव्यांच्या संतोषाने भरून निघत नाही.

तेव्हा ‘नफा न कमावणारी संस्था’ या शब्दांतच सारे पुण्य साठवले आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. टकोमात आणि नॉर्थफील्डमध्ये विकणारे आणि विकत घेणारे दोघेही तसेच होते. फरक पडला तो सहा महिन्यांच्या मुदतीमुळे.

न्यूयॉर्कचा अनुभव आणखी वेगळा आहे. डब्ल्यूएनवायसी हे केंद्र १९२४ पासून महापालिकेच्या मालकीचे होते. महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी महापालिकेने प्रसारणाच्या धंद्यातून बाहेर पडावे असे ठरवले. दूरचित्रवाणी केंद्र १९९६ मध्ये २० कोटी ७० लाख डॉलरना व्यापारी कंपन्यांकडे गेले. नभोवाणीचे दोन्ही परवाने मात्र श्रोत्यांच्या देणग्यांवर उभ्या असलेल्या प्रतिष्ठानाला दोन कोटी डॉलरना, तेही सहा वर्षांच्या हप्त्यांनी, देण्यात आले आणि १९९७ मध्ये हस्तांतर पुरे झाले. ९३.९ मेगाहर्ट्झ ही त्याची लहर राखीव पट्ट्याबाहेरची असल्यामुळे खुल्या बाजारात तिला कितीतरी अधिक किंमत आली असती. महापालिकेने तो मोह आवरला हे तिच्या पदरी टाकायलाच हवे. या प्रतिष्ठानाची स्थापना १९७९ मध्येच झालेली होती. संकट येण्यापूर्वी कित्येक वर्षे संघटित असलेले श्रोते आणि संकट आल्यावर धावाधाव करणारे श्रोते, यांत हाच भेद आहे.

हा विषय आता थंड राहिलेला नाही. अमेरिकी काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षांकरिता मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. अशा ओढाताणीत केंद्र दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याचा मोह परवानाधारक विद्यापीठांना होणार नाही, असे कसे म्हणावे? त्या वेळी विक्रीची घोषणा आणि करार यांत निदान सहा महिन्यांचे अंतर असावे, श्रोत्यांच्या संस्थेला खरेदीचा पहिला अधिकार असावा आणि जुन्या देणग्यांचा विचार किंमत ठरवताना व्हावा, एवढी तरी मागणी रास्त आहे. नव्या संस्थेवरही बंधन हवे: तिचे विश्वस्त कोण निवडतो आणि उद्या तिनेच केंद्र विकायला काढले तर काय, हे हस्तांतराच्या दिवशीच लेखी ठरले पाहिजे. मोठ्या देणगीदारांच्या हाती गेलेले मंडळ महाविद्यालयाच्या मंडळाइतकेच बहिरे असू शकते.

महाराष्ट्राला हे सारे सातासमुद्रापारचे वाटण्याचे कारण नाही. १९२७ साली मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि प्रसारण सरकारच्या ताब्यात गेले, तेव्हा श्रोत्यांना विचारण्याची कल्पनाच कोणाला सुचली नसेल. पुढे १९८० च्या दशकापर्यंत घरोघरीची मंडळी पोस्टात जाऊन रेडिओच्या परवान्याचे शुल्क भरीत होती, पण त्या पावतीने त्यांना केंद्राच्या कारभारात कोणताही शब्द मिळाला नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले; स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी चालवण्याची मुभा २००६ मध्ये मिळाली. तरीही जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय पुणेकरांना वर्तमानपत्रांतूनच कळला. गदारोळ झाल्यावर तो स्थगित झाला. आपल्या केंद्राविषयीचा पुढचा निर्णय होण्यापूर्वी श्रोत्यांचे म्हणणे कोणत्या टेबलावर, कोणापुढे मांडायचे, याची सोय मात्र स्थगितीच्या आदेशाने झालेली नाही.