बंदुका खाली आल्या. जमिनीत पुरलेलं कोण काढणार?

गडचिरोली : १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला तारक्काने आत्मसमर्पण केले होते. नक्षलवाद संपवण्यासाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही.

पण बंदूक माणसाच्या हातात असते. माणूस शरण आला की बंदूकही येते. सुरुंगाचं तसं नाही. पुरणारा शरण येवो, मरो की दूर निघून जावो, पुरलेलं तिथंच राहतं. म्हणून आता प्रश्न बंदुकीचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे. तो प्रश्न जंगलात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक माणसाचा आहे.

दोन प्रकारचे सुरुंग

१ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेडाजवळ पोलिसांची गाडी सुरुंगाने उडवण्यात आली. १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. असा सुरुंग रस्त्यात, पुलाखाली किंवा रपट्याखाली पुरतात आणि गाडी आली की दूर लपलेला माणूस तो उडवतो. दुसरा प्रकार दाबाचा. त्याला कोणी बसून राहावं लागत नाही. पाय पडला की फुटतो. पाय जवानाचा आहे की मोह वेचणाऱ्या बाईचा, हे त्याला कळत नाही.

पहिल्या प्रकारातही धोका संपत नाही. उडवणारा निघून गेला तरी स्फोटकाचा डबा जमिनीत असतोच. उद्या रस्ता रुंद करायला जेसीबी लागला किंवा गुराख्याच्या पोराने उत्सुकतेने डबा उघडला तर काय होईल, हे सांगायला नको.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये विजापूर, नारायणपूर, सुकमा या जिल्ह्यांत साधे गावकरी अशा दाबाच्या सुरुंगांनी मेले आहेत, पाय गमावून बसले आहेत. एप्रिल-मे २०२५ मध्ये छत्तीसगड-तेलंगणाच्या हद्दीवर कर्रेगुट्टा डोंगरात २१ दिवस मोहीम चालली. त्यात ४५० आयईडी, म्हणजे हाताने बनवलेले सुरुंग, सापडल्याचं सुरक्षा दलांनी सांगितलं. एका डोंगररांगेत एवढे. झारखंडच्या सारंडा जंगलात तर सुरुंगाने हत्तीही जखमी होऊन मेला.

यात हंगामाचाही भाग आहे. पानगळ झाली की जंगलात लांबवरचं दिसतं. त्यामुळे माओवाद्यांच्या हल्ल्यांचा जोर दरवर्षी उन्हाळ्यात असायचा. मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि मेमध्ये तेंदूपत्ता, हाच गावाचाही जंगलात जाण्याचा हंगाम. पुरणाऱ्याचा आणि वेचणाऱ्याचा महिना एकच.

धानाच्या देशाचा धडा

लढाई संपल्यावर जमीन कशी मोकळी करायची, हे शिकायचं तर कंबोडियाकडे बघावं. तिथली शेतीही धानाचीच. १९७० पासून १९९८ पर्यंत तिथं या ना त्या रूपात लढाई चालली आणि थायलंडच्या सीमेकडचे जिल्हे सुरुंगांनी भरून गेले. १९७९ पासून तिथं सुमारे २० हजार माणसं सुरुंग आणि न फुटलेल्या बॉम्बमुळे मेली, ४५ हजारांच्या आसपास जखमी झाली. १९९६ या एकाच वर्षात चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. अलीकडच्या काळात हा आकडा वर्षाला शंभराच्या खाली आला.

हे झालं कसं? पहिलं काम यंत्राचं नव्हतंच, विचारण्याचं होतं. पथक गावात जातं. गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, जुने सैनिक यांना विचारतं : कुठे स्फोट झाला, कुठे जनावर मेलं, कोणती वाट लोकांनी सोडून दिली? त्यावरून नकाशा तयार होतो. संशयाच्या जागेवर कवटीचं चित्र असलेली लाल पाटी लागते. कितीतरी जमीन या चौकशीतच 'इथे धोका नाही' म्हणून मोकळी होते. उरलेल्या जागेत मीटरभर रुंदीच्या पट्ट्या आखून, धातुशोधक यंत्र फिरवून, गुडघ्यावर बसून एकेक वीत तपासतात. सापडलेला सुरुंग शक्यतो जागच्या जागी उडवतात.

या कामात तिथं शिकवलेले आफ्रिकी उंदीरही आहेत, आपल्या घुशीपेक्षाही मोठे. त्यांना स्फोटकाचा वास कळतो. वजन किलोच्या आसपास, त्यामुळे त्यांच्या पायाने सुरुंग फुटत नाही. टेनिसच्या मैदानाएवढी जागा असा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो. यंत्र घेतलेल्या माणसाला त्याच जागेला चार दिवसही लागू शकतात, कारण यंत्र प्रत्येक खिळ्याला आणि पत्र्याला आवाज देतं. मगावा नावाच्या उंदराने शंभरावर सुरुंग आणि इतर स्फोटकं शोधली. त्याला २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संस्थेने सुवर्णपदक दिलं.

कंबोडियाने आणखी एक गोष्ट दाखवली. शाळेत, गावात शिकवणं गरजेचं आहे, पण तेवढं पुरत नाही. तिथल्या अनेकांना शेतात धोका आहे हे माहीत होतं. तरी ते गेले, कारण दुसरी जमीन नव्हती. पोट रिकामं असलेल्या माणसाला 'जाऊ नका' एवढंच सांगून चालत नाही. त्याची वाट मोकळी करून द्यावी लागते.

चाकासाठी की पायासाठी?

सुरुंग काढण्याचे दोन प्रकार असतात आणि आपल्या जिल्ह्याचा खरा मुद्दा इथंच आहे. सुरक्षा दलाचं काम म्हणजे आपल्या गाड्यांचा आणि गस्तीचा रस्ता मोकळा करणं. गडचिरोली पोलिसांचं बॉम्ब शोधक व नाशक पथक हे काम जीव धोक्यात घालून करत आलं आहे आणि पुरलेली स्फोटकं वेळोवेळी काढली आहेत. दुसरा प्रकार लोकांसाठीचा. त्यात लोक जिथं चालतात, वेचतात, नांगरतात, पाणी भरतात ती सगळी जागा तपासायची आणि 'आता मोकळी' असं सांगून गावाच्या ताब्यात द्यायची. पहिलं काम चाकासाठी, दुसरं पायासाठी. जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूवर चालतात. तिथं दुसऱ्या कामाशिवाय शांतता पूर्ण होत नाही.

त्यासाठी चार गोष्टी करता येतील. आत्मसमर्पण करणाऱ्यांकडून कुठे काय पुरलं याची माहिती घेताना गावाच्या वहिवाटीच्या जागा आधी विचाराव्यात. तेंदू हंगामाआधी प्रत्येक ग्रामसभेला कोणता भाग टाळायचा हे कळवावं. आश्रमशाळांत आणि अंगणवाडीत माडिया-गोंडीतून मुलांना शिकवावं. आणि तपासलेली जागा लेखी कळवावी. नेमकी जागा जाहीर केली तर स्फोटकं भलत्याच्या हाती लागतील, ही पोलिसांची अडचण खरी आहे. पण 'या नाल्यापलीकडे जाऊ नका' एवढं सांगायला नेमकी जागा सांगावी लागत नाही.

सर्वांत मोठी अडचण भीतीची आहे. या जिल्ह्यात खबरी असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी कितीतरी गावकऱ्यांचे जीव घेतले. दुसरीकडे पोलिसांना सांगावं तर 'तुला कसं माहीत?' हा प्रश्न येईल, ही धास्ती. त्यामुळे दिसलेलं माणूस पोटात ठेवतो. एकट्याने सांगण्याऐवजी ग्रामसभेने किंवा पोलीस पाटलाने सांगितलं, आणि सांगणाऱ्याला चौकशीचा त्रास होणार नाही याची हमी प्रशासनाने दिली, तरच तोंडं उघडतील.

आपण काय करायचं

जंगलात, रस्त्याकडेला, रपट्याखाली टिफिन डबा, कुकर, प्लास्टिकची कॅन, बाटली, पाईप किंवा मातीतून निघालेली वायर दिसली तर हात लावू नका, काठी-दगड मारू नका, जवळ जाऊन फोटो काढू नका. जिथं आहात तिथंच थांबा, बाकीच्यांना ओरडून थांबवा. आल्या पावलांच्या खुणा स्पष्ट दिसत असतील तरच त्यावरून मागे या, नाही तर मदत येईपर्यंत हलू नका. सुरक्षित जागी आल्यावर दूरवर खूण करा आणि पोलीस पाटलाला किंवा ११२ वर कळवा. गुरं त्या बाजूला सोडू नका.

कोणाचा जीव गेला किंवा ५० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर नक्षल हिंसा आणि सुरुंगस्फोटातल्या सामान्य नागरिकांसाठी केंद्राची ५ लाख रुपये मदतीची योजना आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत जातो.

भूपतीचं आत्मसमर्पण एका दिवसात झालं. जमिनीचं तसं होणार नाही, तिला वर्षं लागतील. पण सुरुवात पुढच्या मोह-तेंदूच्या आधी, ग्रामसभेतल्या एका ठरावाने होऊ शकते : आमच्या वाटा तपासा आणि आम्हाला लेखी कळवा.