शांत झाली म्हणजे बरी झाली?

मागच्या आठवड्यात नांदेडहून लातूरला ताईकडे गेलो होतो. एसटी अहमदपूरला थांबली तेव्हाच तिचा फोन, "ये लवकर. तुझी भाची आता एकदम शांत झालीय बघ."

पोचलो. भाची खरंच शांत होती. तीन वाजता झोपलेली, पाच वाजता झोपलेली, सहाला उठून टीव्हीसमोर बसलेली... टीव्ही बंद होता.

तिला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे असं निदान झालंय. म्हणजे क्षणात भरून येणारं मन, आपलं माणूस सोडून जाईल ही भीती आणि रागाच्या भरात स्वतःलाच इजा. वर्षभरापासून रोज रात्री ओलान्झापिन चालू आहे. वजन वाढलंय, रक्तातली साखर मात्र एकदाही तपासलेली नाही. गोळी किती दिवस घ्यायची, असं विचारलं तर ताई म्हणाली, "ते कुठं विचारायचं असतंय? डॉक्टर म्हणले चालू ठेवा."

जेवताना मी म्हणालो, या आजारावर या गोळीच्या चाचण्या झाल्यात. दाजी उसळले, "माणसं काय उंदीर आहेत का, प्रयोग करायला?"

याच वाक्यावर मला भांडायचंय.

दाजी, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३१४ रुग्ण होते. साधारण निम्म्यांना ओलान्झापिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे डॉक्टरलाही माहीत नाही. बारा आठवड्यांनी काय निघालं? दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि जवळपास सारखंच! फरक वजनात पडला. औषधवाल्यांचं सरासरी जवळजवळ तीन किलो वाढलं. २०११ सालच्या ४५१ रुग्णांच्या चाचणीत ५ ते १० मिलिग्रॅमचा थोडा फायदा दिसला, हेही सांगायला हवं. पण ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००९ सालीच बजावलं होतं की या आजारासाठी अशी औषधं लांबवर चालू ठेवू नका.

आणि खोट्या गोळीवाल्यांना बरं का वाटलं? हा आजार आपोआपही कमीजास्त होतो, हे एक. पण ठरलेल्या दिवशी कुणीतरी त्यांची चौकशी करत होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण भाचीला गोळी दिली आणि चौकशी बंद केली.

मग प्रयोग कुणावर चाललाय? चाचणीत संमतीपत्र असतं, नीतिसमिती असते, शेवटची तारीख असते. २००९ पासून भारतात औषधाच्या चाचणीची नोंद सक्तीची आहे. आमच्या घरातल्या प्रयोगाला यातलं काहीच नाही. उंदराचं निदान वजन तरी करतात हो!

मी गोळीच्या विरोधात नाही. संकटात काही दिवस ती लागू शकते. आणि कुणी हे वाचून परस्पर गोळी बंद करू नका, ते धोक्याचं आहे. माझं म्हणणं इतकंच की या आजारावर खरा उपचार बोलण्याचा आहे. मार्शा लिनेहन यांनी १९९१ साली तो चाचणी घेऊनच दाखवला. त्याला शिकलेला माणूस लागतो, दर आठवड्याला वेळ लागतो. आम्ही विचारलं तर पुण्याचा पत्ता मिळाला. गोळी मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते.

ताई, 'कुठं विचारायचं असतंय' म्हणालीस ना? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार काय, दुष्परिणाम काय, हे विचारायचा हक्क दिलाय. पुढच्या वेळी मी येतो सोबत. आपण विचारू: कशासाठी, किती दिवस, साखर कधी तपासायची?

निघताना भाची दारापर्यंत आली. म्हणाली, "मामा, पुढच्या वेळी संध्याकाळी या. तेव्हा मी जरा जागी असते."