जलपरीचा करारनामा

प्रेमात हिशेब करू नये, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. हा उपदेश बहुधा कोण कोणाला करतो, हे पाहिले म्हणजे त्यातील मेख ध्यानात येते. डिस्ने कंपनीच्या ‘द लिटल मर्मेड’ या ॲनिमेशनपटाच्या (१९८९) केंद्रस्थानी तर एक करारनामाच आहे. तेव्हा अर्थशास्त्राच्या एका जुन्या अध्यापकाने त्याचा जमाखर्च मांडला, तर तो औचित्यभंग ठरू नये.

एरियल ही समुद्रराज ट्रायटनची सोळा वर्षांची कन्या. तिला राजपुत्र एरिक हवा आहे. उर्सुला चेटकीण तिला तीन दिवसांपुरते पाय देते. मोबदल्यात तिचा आवाज आधीच काढून घेते आणि मुदतीत राजपुत्राचे चुंबन न मिळाल्यास एरियल कायमची तिच्या मालकीची, असे लिहून घेते. सावकारी दस्तऐवज पाहिलेल्या वाचकाला ही रीत अपरिचित नाही. व्याज आगाऊ कापायचे, मुदत अपुरी ठेवायची, तारण म्हणून देहच घ्यायचा. आणि फेड होईलसे दिसताच सावकाराने स्वतः वेष पालटून आड यायचे! अखेर मुलीच्या जागी बाप स्वतःला करारात अडकवून घेतो.

एरिकच्या नावे काय जमा आहे? तो प्राण पणाला लावून जहाज उर्सुलावर घालतो. त्याचे हे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र वादळात बुडणाऱ्या एरिकला त्यापूर्वी एरियलनेच किनाऱ्याला आणले होते, तेव्हा ते खाते बरोबरीत सुटते. शिवाय जोखीम आणि त्याग यांत मूलभूत भेद आहे. जोखीम निभावली की मनुष्य पूर्ववत होतो. एरिकचा राजवाडा, प्रजा, आप्तेष्ट, सारे जागच्या जागी राहते. एरियलला आवाज परत मिळतो खरा, परंतु समुद्र, बाप, बहिणी आणि जन्माचे शरीर यांची किंमत तिला उरलेल्या आयुष्यात रोज मोजावी लागते.

ही किंमत मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटात (२०००) उघडी पडते. उर्सुलाच्या बहिणीच्या भयाने राजवाडा आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत उभी राहते, आणि एरियल आपले कूळ स्वतःच्या मुलीपासून बारा वर्षे लपवते. भिंत पडते ती आईच्या माहेरावर. बापाचे घर मुलीला आपसूकच मिळालेले असते. हॅन्स अँडरसनच्या मूळ कथेत (१८३७) जलपरीची जीभ छाटली जाते, प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखे दुखते आणि राजपुत्र दुसरीशीच लग्न करतो. कथा क्रूर आहे, पण किंमत लपवीत नाही. चित्रपटाने शेवट गोड केला, आणि त्या गोडव्यात बिल कोणी भरले हे विचारण्याची सोय उरली नाही.

अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात कुटुंबात सहकार्य आणि संघर्ष एकत्र कसे नांदतात, याचे विवेचन केले आहे. तडजोड फिसकटल्यास ज्याची अवस्था अधिक बिकट होणार, त्याच्या पदरी कमी पडते. आणि आपले हित वेगळे आहे हेच ज्याला जाणवत नाही, त्याच्या पदरी त्याहून कमी. एरियलला दोन्ही लागू पडते.

यावर कोणी म्हणेल, माणूस पाण्याखाली राहणार कसा? परंतु ट्रायटनचा त्रिशूळ शेपटीचे पाय करतो, आणि दुसऱ्या चित्रपटात पायांची शेपटीही करतो. म्हणजे अडचण निसर्गाची नव्हती. एरिकला शेपटी द्यावी, असे त्या राज्यात, आणि पटकथा लिहिणाऱ्यांतही, कोणाच्या मनात आलेले दिसत नाही. सासरी जायचे ते मुलीनेच, हे डेन्मार्कपासून हॉलिवूडपर्यंत गृहीतच आहे; आपल्याला तर ते खटकूही नये.

२०२३ साली हीच कथा नटनटींना घेऊन पुन्हा पडद्यावर आली. तीत जहाज उर्सुलावर घालते ती एरियल. स्त्रीच्या कर्तृत्वाचा हा गौरव मान्य. पण त्यामुळे एरिकच्या खात्यावरची मोठी रक्कमही आता तिच्याच नावे वर्ग झाली. शेवटी तो राजवाडा सोडून तिच्यासह दूरच्या सफरीला निघतो, एवढी नोंद त्याच्या बाजूला धरली पाहिजे. ती सफर अर्थातच जहाजातून आहे.