जुन्या औषधाचे नवे काम शिकवणार कोण?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीजवळ, चंदन नदीच्या काठी रामपायली नावाचे गाव आहे. तेथील जुन्या राममंदिरामुळे हे नाव मराठी माणसाच्या कानांवरून कधीतरी गेलेले असते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. पुढे विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु सोयरीक, बाजारहाट आणि आजारपण यांनी ती सीमा फारशी मानली नाही. दुखणे हाताबाहेर गेले की तिकडचा माणूस अजूनही गोंदियाची नाहीतर नागपूरच्या ‘मेडिकल’ची वाट धरतो. गोव्यातील दैनिकाला एवढ्या दूरच्या गावाची आठवण का व्हावी, असे वाचक विचारतील. त्या भागातील एका रोगाच्या निमित्ताने आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते मांडवीच्या काठीही तितकेच लागू पडते, आणि २०२१ साली त्याचा अनुभव आपण गोमंतकीयांनी घेतलेला आहे, म्हणून हा प्रपंच.

तो रोग म्हणजे सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापोटातून असह्य कळा उठतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारात एक. भारतात तो १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची वार्ता नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मधून जगाला दिली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि त्यांना लागून असलेला बालाघाट हा सारा सिकलसेलचा पट्टा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासावयाचे व २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करावयाचे, असा संकल्प त्या वेळी सोडण्यात आला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु तपासणीत ज्याचे रक्त सदोष निघाले त्याच्या हाती रंगीत कार्ड दिल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

पुढे आहे ते एक औषध, आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाचे हे रसायन १८६९ साली जर्मनीतील प्रयोगशाळेत तयार झाले. जवळजवळ शंभर वर्षे औषध म्हणून कोणी त्याचा उपयोग केला नाही. १९६० नंतर ते रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाऊ लागले. या औषधाने रक्तातील गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, आणि ते हिमोग्लोबिन असले म्हणजे पेशी सहजासहजी विळ्यासारख्या होत नाहीत, ही गोष्ट पुढे ध्यानात आली. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसताच ती मुदतीआधीच थांबवण्यात आली, आणि १९९५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सिकलसेलसाठी या औषधास मान्यता दिली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी पुढे आणखी एक मोलाचे काम केले. आपल्याकडच्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम इतकी अल्प व ठरावीक मात्राही गुणकारी ठरते, असे त्यांनी २०१२ साली दाखवून दिले. मात्रा कमी म्हणजे खर्च कमी आणि धोकाही कमी. जेथे दर पंधरवड्याला रक्त तपासणे अशक्य, अशा खेड्यासाठी हा शोध किती मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको.

एका रोगावरचे जुने औषध दुसऱ्या रोगावर लागू करण्याच्या या विद्येस शास्त्रज्ञ ‘ड्रग रिपर्पझिंग’ म्हणतात. शब्द जड आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना आमच्या घरच्या बायकांनी असल्या नावाची वाट पाहिली नव्हती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरील कार्य ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेही याच जातीचे काम होते, वेडावर आणि सर्पदंशावर वापरली जाणारी ही मुळी आपल्या वैद्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. नवे औषध शोधून बाजारात आणण्यास दहाबारा वर्षे व अफाट पैसा लागतो. जुन्या औषधाचे गुणदोष माणसाच्या शरीरात आधीच पारखलेले असतात, म्हणून गरीब देशांनी या विद्येकडे आशेने पाहिले तर नवल नाही.

मात्र या विद्येची एक विचित्र अडचण आहे. आपला खेड्यातला किंवा तालुक्याचा डॉक्टर महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर नवे जे काही शिकतो, त्यातील बराच भाग त्याला औषधकंपनीचा एम. आर. शिकवतो. बॅग घेऊन तो दारात येतो, चकचकीत कागद ठेवतो, नमुन्याच्या गोळ्या देतो, परिषदेचे निमंत्रण देतो. हे शिक्षण निःस्वार्थी नसते, पण ते दारापर्यंत येते हे खरे. ज्या औषधाचे पेटंट कधीच संपले, जे कोणीही बनवू शकतो आणि ज्यात नफा नाममात्र, त्याचे नवे काम सांगण्यासाठी कोणता एम. आर. रामपायलीचा रस्ता धरणार? कायद्याचीही गंमत अशी की, २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्साचाचण्या नियमांनुसार जुन्या औषधासाठी नव्या रोगाचा दावा करावयाचा तर ते ‘नवे औषध’ ठरते आणि त्याची रीतसर परवानगी काढावी लागते. नियम योग्यच आहे. परंतु ज्यातून कोणाचा फायदा नाही, त्यासाठी अर्जाचे कागद रंगवण्याचा खटाटोप कोणी करावा? ज्ञान आहे, पण त्याला पालक नाही, अशी ही अवस्था आहे. पालक नसले म्हणजे काय होते? औषधाच्या वेष्टनावर ‘कर्करोग’ हा शब्द दिसतो, आई घाबरते, शेजारीण भर घालते, आणि कॅप्सूल कोनाड्यात पडून राहतात. त्या आईला आम्ही दोष देणार नाही. तिला समजावून सांगणे हे ज्याचे काम, त्यालाच कोणी काही समजावलेले नसते.

याची दुसरी बाजू आपण येथे पाहिली. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेने गोवा हवालदिल झाला होता. तेव्हा अठरा वर्षांवरील प्रत्येकास, लक्षणे असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिनच्या बारा मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस देण्याचे राज्य सरकारने घोषित केले. हे औषधही जुनेच होते व त्याचा इतिहास उज्ज्वल होता. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून निघालेले, १९८१ पासून जनावरांच्या जंतांवर वापरले जाणारे हे औषध १९८७ पासून आफ्रिकेतील ‘नदीअंधत्वा’वर लाखो लोकांना देण्यात आले, आणि त्याच्या शोधाबद्दल २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु एका रोगावर तारक ठरलेले औषध दुसऱ्यावरही ठरतेच असे नाही. ते चाचणीनेच ठरवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी त्याच वेळी इशारा दिला की, चाचण्यांच्या बाहेर हे औषध करोनासाठी वापरू नये. २०२२ मध्ये ब्राझीलमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्णाला इस्पितळात दाखल करण्याची वेळ या औषधाने टळत नाही, असे त्यांतून दिसले. केंद्राच्या मार्गदर्शिकेतही ते आधी होते व २०२१ च्या सप्टेंबरात वगळले गेले, तेव्हा एकट्या गोवा सरकारला धारेवर धरणे न्यायाचे होणार नाही. त्या काळची घबराट आम्हीही अनुभवली आहे. पण त्याच साथीत ब्रिटनने काय केले ते पाहा. डेक्सामेथासोन हे तेथल्या कोणत्याही औषधाच्या दुकानातले जुने व स्वस्त औषध. सुमारे सहा हजार चारशे रुग्णांची सोडत काढून त्यांनी ते तपासले, आणि जून २०२० मध्ये जाहीर केले की, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू याने एक तृतीयांशाने कमी होतात. रुग्णांवर उपचार करीत असतानाच चाचणी कशी करावी, हे तेथील इस्पितळांना माहीत होते. कारण ते त्यांना शिकवलेले होते.

हे शिकण्याची साधने आज नाहीत असे नाही. अमेरिकेच्या ब्रॉड संस्थेने २०१७ साली जुन्या औषधांची मोठी सूची सर्वांस खुली केली. जुने औषध नव्या रोगावर वापरून पाहणाऱ्या डॉक्टरांनी आपले अनुभव नोंदवावेत, यासाठी तेथील औषध प्रशासनाने व राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१९ मध्ये ‘क्युअर आयडी’ हा उपक्रम सुरू केला. युरोपात २०२२ पासून ‘रेमेडी फॉर ऑल’ या योजनेखाली संशोधकांचे शिक्षण चालते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चिकित्साचाचण्यांची नोंदवही २००७ पासून कोणासही पाहता येते, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेने सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व केंद्राच्या संशोधनसंस्थांना खुली झाली. पण ही सारी शिदोरी इंग्रजीत आहे आणि ती संशोधकासाठी बांधलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, औषधनिर्माता, आशा कार्यकर्ती यांना तिच्यातला घासही मिळत नाही. नागपूरच्या बालरोग विभागाने जे सिद्ध केले ते चंदन नदीच्या काठी पोहोचावयाचे तर इंग्रजी नियतकालिकाच्या मार्गाने ते कधीही पोहोचणार नाही.

ते पोहोचवता येते, याचा पुरावा याच विदर्भात आहे. डॅप्सोन हे रसायन १९०८ साली जर्मनीत तयार झाले. १९४० च्या दशकात त्याचा व त्याच्या जातीच्या औषधांचा कुष्ठरोगावर गुण आला. १९५१ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. त्यातील ‘शिक्षण’ हा शब्द आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना रोग ओळखण्यास शिकवण्यात आले, आणि त्यांनी घरोघर फिरून गोळ्या का, किती व किती दिवस घ्यावयाच्या ते लोकांच्या भाषेत सांगितले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत पत्करली. तेव्हा संगणक नव्हते, एम. आर. नव्हते, सायकली होत्या.

म्हणून आमची मागणी साधी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने या विषयाचा छोटा अभ्यासक्रम मराठीतून आखावा. बांबोळीचे महाविद्यालय १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचे वारस आहे. सर्वांना रस्ता दाखवण्याचा मान त्याने घेतला तर कोणास विषाद वाटणार नाही. अभ्यासक्रमाच्या एका भागात, जुन्या औषधाच्या नव्या दाव्याची चाचणी कशी वाचावी व घोषणा आणि पुरावा यांतला फरक कसा ओळखावा, हे तरुण डॉक्टरांना शिकवावे. दुसरा भाग परिचारिका व आशा यांच्यासाठी असावा, आणि त्याची पुस्तिका बालाघाट जिल्ह्यासारख्या सीमेपलीकडच्या मुलखासाठी हिंदीतही निघावी. राज्यांनी खर्च वाटून घ्यावा. एखाद्या महोत्सवाच्या मांडवाला लागतो तेवढाही तो होणार नाही.

त्या पुस्तिकेत सिकलसेलच्या औषधाविषयी काय असावे, तेही सांगून ठेवतो. हे औषध कर्करोगावरही देतात, पण तुमच्या मुलास कर्करोग झालेला नाही, हे पहिले वाक्य. कॅप्सूल घरी फोडू नये. मूल ती गिळू शकत नसेल तर केंद्रात येऊन विचारावे. औषध सुरू केल्यावर रक्त कधी तपासावयाचे त्याची तारीख लिहिण्यास मोकळी जागा ठेवावी. ताप आला तर घरी न थांबता दवाखान्यात जावे. दिवस राहण्याचा विचार असेल किंवा राहिले असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे. आणि कळा थांबल्या म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. कळा थांबल्या आहेत त्या औषध चालू आहे म्हणून.