‘उत्तम’वर टिक करू नका

करावे गावात ज्यांच्या घरी एखाद्या विद्यापीठाचं वार्तापत्र येतं, त्या सगळ्यांना ही विनंती आहे. मुलगी कॉलेजात असेल, मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागला असेल, किंवा तुम्ही स्वतः तिथे शिकला असाल आणि माजी विद्यार्थी म्हणून अंक येत असेल. पुष्कळांकडे तो आता कागदावर येतही नाही, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. सोबत एक फॉर्म असतो. अंक कसा वाटला? उत्तम, चांगला, बरा. आपण ‘उत्तम’वर टिक करतो आणि मोकळे होतो. ती टिक कृपा करून करू नका.

असे फॉर्म मी आठ वर्षं मोजले आहेत, म्हणून सांगतो. एका विद्यापीठाच्या वार्तापत्राचं काम माझ्याकडे होतं. मजकूर गोळा करायचा, प्रुफं तपासायची, छापखान्यात खेटे घालायचे आणि वर्षातून एकदा फॉर्मांची बेरीज करून वर पाठवायची. दर वर्षी जवळजवळ सगळे ‘उत्तम’. आम्हाला बरं वाटायचं. एकदा दुसऱ्याच कामासाठी एका कॉलेजच्या ऑफिसात गेलो, तर कपाटामागे आमच्या तीन अंकांचे गठ्ठे पडलेले. सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. त्या कॉलेजातून आलेले फॉर्म मात्र माझ्या फायलीत होते, सगळे भरलेले.

त्या संध्याकाळी गावात परतल्यावर शेजारच्या आळीतल्या एका मुलीला गाठलं. ती तेव्हा पदव्युत्तर वर्गात होती आणि तिच्याकडे अंक थेट घरी यायचा. अंक आवडला का, हे मी विचारलं नाही. “मागचा अंक हातात पडला तेव्हा तू काय केलंस?” एवढंच विचारलं.

“शिष्यवृत्तीचं पान उघडलं, काका. अर्जाची तारीख होऊन गेली होती. मग ठेवून दिला.”

“आणि फॉर्म?”

“भरला की. उत्तम लिहिलं. सरांनी वर्गात वाटले आणि लगेच गोळा केले, मग काय लिहिणार?”

शिष्यवृत्तीची बातमी बिनचूक होती, पानही नीट लावलं होतं. बिघाड होता तो छापखाना, पाकिटं भरणं आणि पोस्ट या वाटेत, आणि तो आमच्या बेरजेत दहा वर्षांतही दिसला नसता. पुढच्या अंकापासून तारखांचं पान आम्ही वेगळं काढलं आणि आधी पाठवलं. एका मुलीच्या एका वाक्यावर हे झालं.

म्हणून माझं सांगणं असं की, अंकाबद्दल काय वाटलं ते बाजूला ठेवा आणि काय केलंत ते लिहा. कुठलं पान आधी उघडलं? कुठल्या पानाशी वाचन थांबलं? अंक बघून कोणाला फोन केला का, अर्ज भरला का, व्याख्यानाला गेलात का? काय शोधत होतात आणि सापडलं नाही? दोन ओळी पुरतात. सोबत आपण कोण तेही कळवा, म्हणजे विद्यार्थी, पालक, माजी विद्यार्थी की शेजारी, कारण प्रत्येकाची गरज निराळी असते. ‘भाषा सोपी हवी’ असं मोघम लिहिलं तर संपादकाला काही करता येत नाही. ‘पान चारवरची फीची सूचना आईला वाचून दाखवली, तिला कळली नाही’ असं लिहिलंत तर ती सूचना त्याला पुन्हा लिहावीच लागते.

आईचा विषय मुद्दाम काढला. आपल्या गावात कितीतरी घरांतून कॉलेजात जाणारं पहिलंच पोर आत्ताचं आहे. फी घरून जाते, काळजी घरचे करतात, आणि बरीच वार्तापत्रं नुसती इंग्रजीत निघतात. निदान फी, वसतिगृह, परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांची पानं मराठीत हवीत. हे पालकांनी स्वतः मागितलं पाहिजे. मुलगा मागणार नाही, त्याचं इंग्रजीवर भागतं.

पत्र लिहिणाऱ्याला आपल्याकडे मोठा मान होता. १८४८ साली गोपाळ हरी देशमुख नावाचा पंचविशीतला तरुण भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ला पत्रं लिहायला लागला. ‘लोकहितवादी’ या सहीने लिहिलेली ती पत्रं आज ‘शतपत्रे’ म्हणून अभ्यासाला लागतात. संपादकाने ती छापली, त्यातली बोचरी वाक्यं महाराष्ट्राला ऐकवली. खरं नाव न देता लिहिलेलं पत्रही चालतं, हेसुद्धा त्यावरून दिसतं. विद्यार्थ्यांना मार्कांची धास्ती असते, ती खोटी नाही. त्यांनी नाव लिहू नये, वर्ष आणि विषय लिहावा. पण विषयाला एखादाच विद्यार्थी असेल तर विषयही नको.

आता दोन शब्द अंक काढणाऱ्यांना. शिक्षणसंस्था तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात प्रतिसादाची वेगळी नोंद असते: तो गोळा केला का, तपासला का, त्यावर कृती केली का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर फायलीत सहज मिळतं. तिसऱ्यासाठी पुढच्या अंकात एक चौकट ठेवा आणि वाचकांनी काय सांगितलं, आपण काय बदललं, काय बदलता आलं नाही आणि का, ते छापा. ही चौकट नसेल तर पत्रं आटतील आणि मग दोष वाचकाला देता येणार नाही.

आणि जे उत्तर देत नाहीत त्यांच्याकडे स्वतः जा. अमेरिकेत १९३६च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका लोकांना पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून लॅंडन जिंकणार असं त्यांनी छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं मुख्यतः फोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतली होती, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचा कल वेगळाच होता. वार्तापत्राचंही असंच होतं. फॉर्म वाचणारे भरतात आणि न वाचणाऱ्यांचं कारण कधी कळतच नाही. शंभर फॉर्म वाटण्यापेक्षा सीवूड्स स्टेशनवर उतरणाऱ्या दहा मुलांना थांबवून ‘मागचा अंक हातात पडला तेव्हा काय केलंस?’ हा एक प्रश्न विचारा. परीक्षेच्या आठवड्यात मात्र नको.

शेजारी वाचकांचं राहिलं. आपल्या करावेलाच टी. एस. चाणक्यचं आवार आहे. १९२७ची ‘डफरिन’, १९७२ची ‘राजेंद्र’ ही प्रशिक्षणाची जहाजं, आणि १९९३ला तेच शिक्षण किनाऱ्यावर आलं ते हे चाणक्य. २००८पासून ते इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत आहे. व्यापारी जहाजांवरचे अधिकारी इथे घडतात, आणि तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, हे ज्या गावात आडनाव आहे त्या गावातल्या मला कितीतरी वर्षं त्या आवाराचं फक्त फाटक माहीत होतं. आपल्या खाडीबद्दल, तिथल्या पाणथळीवर उतरणाऱ्या फ्लेमिंगोंबद्दल कुठलंही विद्यापीठ काही अभ्यास करत असेल, तर तो खाडीत जाळं टाकणाऱ्याला वाचायला मिळावा. आपण त्यांचे विद्यार्थी नाही म्हणून संकोच करू नका. एक पोस्टकार्ड पुरतं. गावासाठी एक पान हवं, असं लिहून टाका.

पुढचा अंक हातात पडेल तेव्हा आधी पेन घ्या आणि वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घाला. आत ज्या ज्या कार्यक्रमाची किंवा अर्जाची तारीख उलटून गेली असेल तिच्याभोवती गोल करा. ती पानं तशीच पाकिटात घालून संपादकांना परत पाठवा. पीडीएफ असेल तर फोटो काढून पाठवला तरी चालेल.